पहिल्या हाकेला

१

अघनू कधीच पहिल्या हाकेला ओ देत नसे. जंगलात हे सगळेच पाळतात. झाडीतून कुणी नावानं हाक मारली, तर पहिलीला गप्प बसायचं, दुसरीला कान टवकारायचे आणि तिसरी आली तरच तोंड उघडायचं, कारण तिसरी हाक माणूसच मारतो म्हणतात. पण बाकीचे लोक हे जंगलापुरतं पाळतात. हा पठ्ठ्या घरातही पाळायचा. वाढून ठेवलेल्या पेजेवर साय धरायची आणि हा आपला अंगणात जिप्सीच्या पोटाखाली उताणा, हातात पाना, आणि ढिम्म. तिसऱ्या हाकेनंतर खालून आवाज यायचा, "ओऽ, आलो गं, बोंबलू नकोस." त्याच्या आईनं, बुधरीनं, लहानपणी पाठीत रट्टे घालून ही सवय लावली होती. ती अशी लागली की लग्नाच्या मांडवातही नवरदेवाला तीनदा बोलवावं लागलं.

फगनीची तर आणखीच पंचाईत. अघनू तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. नाकाला शेंबूड असल्यापासून ती "अघन्या, अघन्या" करत त्याच्या मागं मोहाची फुलं वेचत हिंडलेली. पुढं रीतीप्रमाणं आत्यानं भाचीला सून करून घेतलं, अंगाला हळद लागली आणि ते नाव तिच्या तोंडातून गेलं ते गेलंच. मग "अहो, सरईचे बाबा" असं तीनदा म्हणायचं, तेव्हा कुठं साहेब हलणार. सरई ही त्यांची सहा वर्षांची पोर. "एवढी लांबलचक हाक तीनदा मारायची म्हणजे माझी खाल्लेली भाकरी तिथंच जिरते," असं फगनी वैतागून म्हणायची आणि बुधरी गालातल्या गालात हसायची.

दोघंही कान्ह्याच्या जंगलात कामाला. तो पर्यटकांची जिप्सी चालवायचा, ती गाईड. फाटकावर ज्या गाईडचा नंबर लागेल त्याला ती गाडी, त्यामुळं नवराबायको एका जिप्सीत क्वचितच येत. आले की पटले नाकेदार, म्हणजे फाटकावरचा वनरक्षक, हटकून विचारायचा, "काय वहिनी, आज ड्रायव्हरचं नाव काय म्हणालात?" फगनी मान दुसरीकडं वळवायची. "त्यांनाच विचारा." मग पर्यटक हसायचे, पटले हसायचा आणि फाटक उघडायचा. वर्षानुवर्षं हीच थट्टा चालली होती, आणि तिच्यात गोडवाच होता.

२

जून लागला की जंगलाचा नुसता तवा होतो. त्या दुपारी जामनाल्याच्या वळणावर जिप्सीच्या बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. पाण्याचा पिवळा डबा मागं होता, पण रिकामा. पर्यटकांनी आंबे खाऊन त्यातल्या पाण्यानं हात धुतले होते. जंगलात गाडीतून खाली पाय टाकायची बंदी आहे. पण इंजिन तापल्यावर नियमाकडं बघून ते थोडंच गार होतं?

"खाली डोहात असेल थोडं," अघनू म्हणाला. "आलोच मी. तू या मंडळींना गाडीतच बसवून ठेव."

डबा घेऊन तो डावीकडं नाल्यात उतरला. बांबूची पानं जरा वेळ हलली, मग थांबली.

फगनीनं पर्यटकांना वारूळ दाखवलं, नीलपंख दाखवला, सालाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. त्यांचं लक्ष लागेना आणि खरं म्हणजे तिचंही. एवढ्या वेळात माणूस दोन डबे भरून आला असता. मग नाल्यातून चितळ ओरडलं. चितळाचं काय, ते पान पडलं तरी ओरडतं, असं ती स्वतःला सांगते आहे तोच सांबर ओरडलं. सांबर उगाच ओरडत नाही.

"मॅडम, तुमचे ड्रायव्हर कुठं राहिले?" मागून एकानं हळूच विचारलं.

जंगलात माणसाला नावानं पुकारत नाहीत. ओंजळ तोंडाशी धरून कूक द्यायची, समोरच्यानं कूक द्यायची, झालं. फगनीनं ओंजळ धरली. घशाला इतकी कोरड पडली होती की नुसती हवा निघाली. सांबर पुन्हा ओरडलं, अगदी पाण्याजवळ. हळदीच्या दिवसापासून आत कोंडलेलं नाव तोंडातून सुटलं.

"अघनूऽ!"

"हो."

आवाज नाल्यातून आला नव्हता. अघनू मागं रस्त्यावर उभा होता, उजव्या बाजूच्या सालाच्या झाडांपाशी. हातात पिवळा डबा, काठोकाठ भरलेला.

"तिकडून कसे आलात?" फगनीनं विचारलं.

"वाट होती."

तिच्या जिवात जीव आला. इतका, की पर्यटकांसमोर डोळे पुसायला लागू नयेत म्हणून ती बॉनेट उघडायला वाकली. डबा तिनंच हातात घेतला. जूनच्या उन्हात डोहातलं पाणी कोमट असतं, अंगाला चिकटतं. हे पाणी इतकं गार होतं की तिची बोटं दुखली.

तो पहिल्या हाकेला बोलला, हे तिला घरी गेल्यावर भाकरी थापताना आठवलं. आणि बोलला तेही "ओ" नव्हे, "हो." पण घाबरलेला माणूस पाळायच्या गोष्टी विसरतो. तीही नाव घेऊन बसलीच होती की.

३

चारपाच दिवसांनी पुन्हा दोघांना एक गाडी मिळाली. मागं नागपूरचं एक कुटुंब होतं, बडबडं आणि गोड. फगनी त्यांना नेहमीचा धडा देत होती. "वाघ शोधायचा नाही. वानर शोधायचं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खेकसतं, तेव्हा ते कुठं बघतंय ते बघा. वाघ तिथंच असतो."

तेवढ्यात वानर खेकसलं. फगनीनं हात वर केला, अघनूनं गाडी थांबवली. बेहड्याच्या फांदीवर वानराचा नर बसला होता, दात विचकून, फांदी गदागदा हलवत.

"कुठं बघतंय?" नागपूरच्या बाईंनी विचारलं.

फगनीनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आपल्याकडं," ती म्हणाली.

मग तिचं लक्ष बाईंच्या गळ्यातल्या ओढणीकडं गेलं आणि ती खो खो हसली. ओढणीवर बिबट्याचे ठिपके होते, अगदी हुबेहूब. "अहो ताई, तुम्हीच बिबट्या होऊन आलाय! काढा ती, पिशवीत घाला." सगळी गाडी हसली. बाईंच्या नवऱ्यानं "घरी आम्ही रोजच ओरडतो" असं म्हणून एक चापट खाल्ली.

ओढणी पिशवीत गेली. गाडी निघाली. पुढच्या झाडावरचं वानर ओरडलं. त्याच्या पुढच्या झाडावरचंही. गाडी पुढं जाईल तसं ओरडणं पुढं सरकत होतं आणि मागचं झाड शांत होत होतं. फाटकापर्यंत हे असंच चाललं.

"बिबट्या आपल्या जोडीनं गवतातून चालत असेल," फगनी म्हणाली. असं होतं कधीकधी, तिनं ऐकलं होतं. तिनं अघनूकडं पाहिलं. तो समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवत होता. ओढणीच्या वेळी सगळे हसले तेव्हा तोही हसला होता, फक्त इतरांचं हसणं संपल्यावर.

४

बिबट्या रोज जोडीनं चालत नाही, हे न कळण्याइतकी फगनी बावळट नव्हती. पण मन असं असतं की त्याला एक कारण दिलं की ते तेच चघळत बसतं. ऊन लागलंय त्यांना, तिनं ठरवलं. डोहावरून आल्यापासून जरा वेगळे वागतात, तर ते उन्हामुळं. आणि वानरांचं म्हणाल तर जिप्सीला नवीन हिरवा रंग दिलाय, त्याला बुजतात.

तिनं हळूच परीक्षाही घेतली. एकदा भाजी चिरताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा हा पुढचा दात कसा पडला होता, आठवतं?"

"मी आंब्याला दगड मारला आणि तुला लागला," अघनू म्हणाला. "आणि आईला आपण सांगितलं, तू पडलीस."

हे त्या दोघांशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं. फगनीला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी तिनं त्याला मोहाच्या दोन पुऱ्या जास्त वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसऱ्याच जिप्सीत होती. मैदानाच्या कडेला गाडी उभी केलेली, पलीकडं पन्नासेक चितळं चरत होती. सगळं शांत. तिच्या गाडीमागं काही ओरडत नव्हतं, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं पर्यटकांना आपल्या डब्यातली चारोळी वाटली.

मग लांब, सालाच्या रानात, वानर ओरडलं. थोड्या वेळानं अलीकडं दुसरं. चितळांनी माना वर केल्या. एकेक करून सगळ्यांनी तोंडं एकाच बाजूला वळवली, शेपट्या उभ्या केल्या, पुढचे पाय आपटू लागली. कॉल, म्हणजे जनावरांची ही इशाऱ्याची ओरड, रस्त्यारस्त्यानं जवळ येत होता.

"कुणी हलू नका," फगनी कुजबुजली. "रस्त्यावरूनच येतोय. त्या वळणावर बाहेर पडेल."

सगळ्यांनी कॅमेरे डोळ्यांना लावले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कॅमेरा गाडीच्या कठड्यावर टेकवला. वाघ बघायला ते तिसऱ्यांदा आले होते. वळणापाशी भेकर भुंकलं आणि उड्या मारत पळालं.

वळणावरून अघनूची जिप्सी बाहेर आली.

"धत्!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसत सुटले. अघनूनं फगनीला पाहिलं, हात वर केला. जिप्सी मैदानाच्या कडेनं सावकाश पलीकडं गेली. पर्यटक आपापले फोटो बघण्यात गुंतले होते, त्यामुळं चितळांकडं फक्त फगनी पाहत होती. जिप्सी जशी सरकत गेली तशा त्या पन्नास माना तिच्याबरोबर वळत गेल्या. एकाही चितळानं तिच्याकडं पाठ केली नाही.

फगनीच्या गाडीचा रंगही तोच होता. हिरवाच.

५

हंगामाचा आता एकच दिवस उरला होता. उद्या संध्याकाळी फाटक बंद झालं की पावसाळाभर जंगलात चिटपाखरू जात नाही. नाले भरतात, रस्ते वाहून जातात आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सगळं नव्यानं सुरू होतं. फगनीचा आज नंबर नव्हता. ती आणि बुधरी पडवीत चारोळीसाठी चाराच्या बिया फोडत बसल्या होत्या. अघनू अंगणात खाटेचं सुंभ विणत होता.

सरईला नवा खेळ सापडला होता. "बाबा!" ती म्हणायची.

"हो."

"बाबा!"

"हो."

पोरगी खिदळत होती. पूर्वी तिला बिचारीला तीनदा ओरडावं लागायचं, आता एकदा म्हटलं की झालं. "बाबा!" "हो." "बाबा!" "हो." फगनी ऐकत होती. कुठलाही बाप पाचव्या वेळेला म्हणतो, काय गं कटकट. दहाव्या वेळेला धपाटा घालतो. हा तसाच म्हणत होता, तितक्याच जोरात, तितक्याच लांबीचं, मान वर न करता. कोपऱ्यात बांधलेली शेळी त्याच्याकडं तोंड करून उभी होती. तिच्यापुढं पाला पडला होता, त्याला तिनं तोंड लावलं नव्हतं. मधूनच ती पुढचा पाय जमिनीवर आपटत होती.

"सरई, आत जा," फगनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आत्या, तुला काही दिसतं का गं?"

"मला आताशा डोळ्यांनी दिसत नाही."

"चाराची बी दिसते, तुझा मुलगा दिसत नाही?"

बुधरीचा दगड थांबला. गेले कित्येक दिवस ती जेवायला भिंतीकडं तोंड करून बसत होती, हे फगनीनं पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

"त्या दिवशी नाल्यावर तू त्याला कशी हाक मारलीस?" बुधरीनं विचारलं.

"नावानं. चुकलं माझं, आत्या. घाबरले होते."

"चूक राहू दे चुलीत. किती मारल्यास?"

"एक. एकीलाच तर हे आले."

बुधरीनं दगड खाली ठेवला. "फगने," ती म्हणाली, "माझं पोरगं तिसऱ्या हाकेशिवाय जागचं हलत नाही. मीच मारून मारून शिकवलंय त्याला."

बाहेर अघनू विणत होता. सुंभ ओढल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे?" फगनी म्हणाली, पण तिला कळलं होतं.

"म्हणजे दोन हाका राहिल्या," म्हातारी म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. "उद्या फाटक बंद होतंय ना गं? नाल्याला पूर आला म्हणजे?"

फगनीनं तिला जवळ घेतलं. सासू असली तरी आधी आत्या होती. वेड्यासारखं बोलू नकोस, असं तिला सांगायला हवं होतं. फगनीनं ते सांगितलं नाही.

"आई," अंगणातून अघनू म्हणाला, "का रडतेस?"

"डोळ्यात साल गेलं," बुधरी भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

६

शेवटच्या दुपारी फगनीनं पटलेला विनवलं, "भाऊ, आज आम्हाला एक गाडी द्या. आणि जामनाल्याचा रस्ता."

"ओहो! सात वर्षं झाली लग्नाला आणि आता जोडीनं फिरायचंय?" पटलेनं डोळे मिचकावले, पण दिली. मागच्या सीटवर रायपूरचे शुक्लाजी, त्यांची बायको आणि आणखी चौघं होते. शुक्लाजी मोठे प्रेमळ गृहस्थ. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी फगनीला बर्फी दिली, पाण्याची बाटली दिली, टोपी का घालत नाहीस म्हणून रागावले.

वानरं ओरडत होती. शुक्लाजी खूश होते. "काय नशीब आहे आपलं! सगळीकडं कॉल!"

जामनाल्याचं वळण आलं आणि अघनूनं वेग कमी केला नाही. फगनीला हे वाटलंच होतं. तिनं हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा पर्यटकांशी खोटं बोलली. "वाघ! खाली नाल्यात, आत्ता शेपूट दिसलं!"

"थांबवा, थांबवा!" मागून सहाजण ओरडले. ड्रायव्हरला थांबावंच लागलं.

बांबू स्तब्ध होते. खाली डोहाचं काळं पाणी थोडंसं दिसत होतं. आकाश भरून आलं होतं. वर जांभळीवर वानरांचा कळप बसला होता, सगळी खेकसत होती, आणि एकही नाल्याकडं बघत नव्हतं. सगळी जिप्सीकडं बघत होती.

फगनी सीटवर उभी राहिली. जंगलात ओरडणाऱ्या गाईडचं काम जातं. जाऊ दे. तिनं छातीत हवा भरली.

"अघनूऽ!"

"हो," शेजारून तो म्हणाला.

"अहो मॅडम," शुक्लाजी दचकून कुजबुजले, "तुम्हीच तर म्हणालात बोलू नका!"

"अघनूऽऽ!"

"हो. अगं, इथंच आहे मी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धीर सुटला असता. ती नाल्याकडं बघत राहिली. काही नाही. पान हललं नाही. वेडी आहेस तू, फगने, तिचंच मन तिला म्हणालं. नवरा शेजारी बसलाय, आणि तू डोहाला हाका मारतेस. एका म्हातारीच्या बोलण्यावर. आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंही वाटलं.

मग खालून, नेहमीसारखा उशिरा, नेहमीसारखा वैतागलेला आवाज आला.

"ओऽ, आलो गं, बोंबलू नकोस."

बांबू हलले. पिवळा डबा दिसला. डबा धरलेला हात दिसला, मनगटावर तिनंच बांधलेला काळा दोरा. जिप्सीतही मागच्या सीटखाली पिवळा डबा होता. निघताना तिनं तो पाहिला होता.

गाडी सुरू झाली.

ती किल्लीवर झेपावली. किल्लीवर आधीच त्याचा हात होता, गार. तिनं एक पाय दाराबाहेर टाकला. मागून चार हातांनी तिला धरलं. "अहो बाई, उतरू नका! वाघ आहे खाली!" शुक्लाजी ओरडत होते. "धरा, धरा हिला!" त्यांच्या बायकोनं तिच्या कमरेला मिठी घातली. किती मायेनं धरलं होतं त्या बिचाऱ्यांनी! फगनी ओरडली, चावली, नखं मारली. त्यांनी सोडलं नाही. कुणाचाही जीव जाताना बघवत नाही माणसाला.

धुळीतून तिनं मागं पाहिलं. कुणीतरी काठावर चढून रस्त्यावर आलं होतं. एका हातात डबा घेऊन पळत होतं, दुसरा हात वर करून. जड डबा टाकून द्यावा, हेही त्याला सुचत नव्हतं. आणि तो ज्या झाडांखालून पळत होता त्यांच्यावरची वानरं शांत बसून होती.

वळणावर तो दिसेनासा झाला.

७

फाटकावर मोठी गडबड होती. शेवटची गाडी बाहेर आली होती, पटलेच्या हातात साखळी आणि कुलूप तयार होतं. त्यानं बोटानं डोकी मोजली. "पर्यटक सहा. गाईड एक, ड्रायव्हर एक. बरोबर."

"एक माणूस आत राहिलाय," फगनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"बाईंना उन्हाचा त्रास झालाय," शुक्लाजी हळूच म्हणाले. त्यांच्या मनगटावर तिच्या दातांचे वण होते, ते त्यांनी रुमालानं झाकले होते. "रागावू नका त्यांच्यावर."

"भाऊ, पाया पडते. जामनाल्यावर माणूस आहे. पळत येतोय तो. गाडी पाठवा."

पटलेचं हसणं गेलं. माणूस आत राहिला म्हणजे चेष्टा नव्हे. कुलूप धरलेला हात त्यानं खाली घेतला आणि तो जिप्सीजवळ आला. "आत्ता पाठवतो गाडी. वहिनी, नीट सांगा. कोण राहिलंय? नाव काय त्याचं?"

फगनीनं आत, रस्त्याकडं पाहिलं. रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. मग तिनं पटलेकडं पाहिलं. एवढा एक शब्द सांगितला की गाडी जाणार होती. दुसरा शब्द नव्हताच.

"अघनू," ती म्हणाली.

"हो," ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला.

पटलेनं दोघांकडं पाहिलं आणि तो पोट धरून हसत सुटला. "घेतलं! अखेर वहिनींनी नाव घेतलं!" फाटकावरची सगळी माणसं हसू लागली, शुक्लाजीही हसले, आणि सगळ्यांचं संपल्यावर तोही हसला. पटलेनं डोळे पुसत पुसतच फाटक ओढलं, साखळी दोनदा गुंडाळली आणि कुलूप लावलं.